कोयता बेळगावकडे, घराला कुलूप: एका मुलीला स्वगृही वर्ग करतानाचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलीला मी वेणू म्हणणार आहे. तिचं खरं नाव, गाव, शाळा, ती ज्या घरात सापडली ते घर, यांतलं काहीही इथे येणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशी ओळख उघड करायला मनाई करतं. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम नसतं तरी मी ती सांगितली नसती. तिचा जिल्हा बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव, सोलापूर यांपैकी एक आहे, एवढं पुरे. तारखा दिवसांच्या हिशेबात देते. बाल कल्याण समितीसमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तो पहिला दिवस.

मी गोव्यात बाल संरक्षणाचं काम करते, केसवर्कर म्हणून. बाहेरच्या राज्यातलं मूल इथे सापडलं की त्याला त्याच्या जिल्ह्यात परत पाठवायचं, हे आमच्या कामातलं नेहमीचं. त्याला आम्ही 'वर्ग करणं' म्हणतो. शाळेत मूल वरच्या वर्गात जातं तसा हा शब्द वाटतो, पण आहे तो कचेरीतला: प्रकरण वर्ग, फाइल वर्ग, मूल वर्ग. वेणूच्या वेळी आम्ही मूल नीट वर्ग केलं. तिच्यासाठी घेतलेला निर्णय मात्र वाटेत कुठेतरी राहिला, आणि तो राहिलाय हे कळायला चार महिने लागले. त्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

नोव्हेंबर होता, तुळशीचं लग्न होऊन चार-पाच दिवस झालेले. फोंडा तालुक्यातल्या एका इमारतीतून १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन आला. फोन करणारी शेजारीण वयस्कर होती. "तें चेडूं सकाळीं पांचांक उठून आयदनां घासता. शाळेंत वचना. म्हज्यान पळोवंक जायना." म्हणजे, ती पोर सकाळी पाचला उठून भांडी घासते, शाळेत जात नाही, माझ्याने बघवत नाही. एवढंच बोलली, नाव सांगितलं नाही.

पोलिसांबरोबर आम्ही गेलो तेव्हा मुलगी स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत उकिडवी बसून टोप घासत होती. वय बारा. बोटांच्या बेचक्यांतली कातडी साबण आणि फिनेलने पांढरी पडून सुटायला लागली होती आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक चीर होती, तिच्यात घासणीचा तारेचा तुकडा रुतलेला. नाव विचारलं तर तिने सांगितलं आणि लगेच पुढे जोडलं, "मावशीला इचारा." मावशी गोव्यातच एका बांधकामावर होती. महिन्याचे ३,००० रुपये मावशीच्या हातात जात होते. घरमालकीण म्हणाली, "आम्ही तिला उपाशी ठेवत नाही." आणि खरंच उपाशी ठेवत नव्हते. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने तर चौदाच्या आतल्या मुलांना जवळपास कुठल्याच कामाला ठेवता येत नाही. एवढ्या वर्षांनंतरही या एका वाक्याने आपण निभावून नेऊ असं लोकांना वाटतं.

कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत तिला समितीसमोर आणलं. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तिथून वेणू बालगृहात गेली, सामाजिक तपासणी सुरू झाली. पंधरा दिवसांत तपासणी, चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश, असं बाल न्याय कायद्याचं कलम ३६ सांगतं. वयाचा प्रश्न शाळेच्या नोंदीवरून सुटला. मालकाविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं.

एक शब्द

सहाव्या दिवशी आम्ही तिच्या जिल्ह्यातल्या समितीला पत्र पाठवलं: गृहभेट करून अहवाल द्यावा. त्याच आठवड्यात आमच्या समुपदेशक बाईंनी वेणूशी बोलून टिपण केलं. "आईवडील कुठे आहेत?" या प्रश्नावर वेणू म्हणाली होती, "आमचं कोयतं औंदा बेळगावकडं हाय."

आमच्या बाई डिचोलीच्या, मीही गोव्यातलीच. आमच्याकडे कोयता म्हणजे माडाखाली शहाळं फोडायचा, झाडाची फांदी छाटायची, आणि पेपरात बातमी येते ती मारामारीची. बाईंनी टिपणात लिहिलं: 'वडिलांजवळ कोयता असतो. ते तो घेऊन बेळगावला गेले असल्याचे बालिका सांगते. घरात हिंसेची शक्यता नाकारता येत नाही.' ते टिपण जसंच्या तसं सामाजिक तपासणी अहवालात गेलं. तो अहवाल मी वाचला आणि खाली सही केली.

अडतिसाव्या दिवशी तिच्या जिल्ह्याचं उत्तर आलं. तीन ओळी: घर कुलूपबंद आढळले. शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार पालक बाहेरगावी आहेत. सध्याचा पत्ता उपलब्ध नाही.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. एकात हत्यार घेऊन फिरणारा बाप, दुसऱ्यात कुलूप. दोन्ही कागदांत जाणूनबुजून लिहिलेलं खोटं एक अक्षर नाही. आणि दोन्ही मिळून जे चित्र उभं राहिलं ते तिच्या घराचं नव्हतंच. बैठकीत 'मुलीला परत पाठवायला घर नाही, इथेच दीर्घ मुदतीसाठी ठेवू' असा सूर लागला होता. मीही तो लावणाऱ्यांत होते.

मला थांबवलं ते तिच्या शाळेतल्या गुरुजींनी. वयाच्या दाखल्याची मूळ प्रत हवी म्हणून एक्केचाळिसाव्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. काम झाल्यावर सहज विचारलं, वडील स्वभावाने कसे आहेत, कोयता जवळ ठेवतात म्हणे. पलीकडे क्षणभर शांतता. मग गुरुजी म्हणाले, "अहो ताई, कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दसऱ्यानंतर कोयत्याबरोबर जातात."

ज्यांना हे माहीत आहे त्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल की मराठी बोलणाऱ्या, मराठीत अहवाल लिहिणाऱ्या आम्हा बायांना ते माहीत नव्हतं. आम्हाला खरंच नव्हतं. मूल कानडी किंवा उडिया बोलत असतं तर आम्ही दुभाषा मागितला असता. तशी सोय आहे. वेणू मराठी बोलत होती म्हणून कुणालाच दुभाष्याची गरज वाटली नाही. तेव्हापासून घाटावरचं मूल आलं की मी त्याच भागातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा आशाताईला फोन लावून मुलाच्या तोंडचे चार शब्द, मूल कोण हे न सांगता, विचारून घेते, आणि अहवालात मुलाचं वाक्य त्याच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत, आधी लिहिते. माझा अर्थ त्याच्या खाली.

गुरुजींनी पुढचं सगळं सांगितलं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातले आणि आसपासच्या दुष्काळी पट्ट्यातले लाखो लोक पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड करायची. फडाजवळ, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाजवळ, कोप्या (खोपटं) घालून राहायचं. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. बारा वर्षांची मुलगी बरोबर असली तर ती धाकट्याला सांभाळते, पहाटे भाकरी थापते, मोळ्या बांधायला हात लावते. तिला घरी ठेवलं तर वयात येणाऱ्या पोरीला म्हाताऱ्या आजीजवळ कसं ठेवायचं हा घोर. वेणूच्या आईवडिलांनी तिसरा रस्ता निवडला होता: मावशीबरोबर गोव्याला, चार पैसेही येतील आणि पोरगी छपराखाली राहील. मावशीवर त्यांचा विश्वास होता. मावशीने तो मोडला असं मला आजही ठाम म्हणता येत नाही. तिच्या लेखीही ते घर फडापेक्षा बरंच होतं.

घर कुठलं?

मुकादमाच्या मोबाइलवरून बाप सापडला. बावन्नाव्या दिवशी तो आला, बेळगावहून चोर्ला घाटाने, पहाटेच्या बसने. तिचं गाव एका रात्रीच्या प्रवासावर, आणि बाप तीन तासांवर. दीड महिना आम्ही ज्याला 'पत्ता उपलब्ध नाही' म्हणत होतो तो माणूस घाट उतरला की आमच्या दारात.

त्याने टॉवेलच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि वेणूचं तिसरीचं प्रगतिपुस्तक. हे शेवटचं त्याला कुणी आणायला सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, "म्याडम, पोर द्या, निघतो. खाडा पडलाय." खाडा म्हणजे तोडीला न गेलेल्या दिवसाचा दंड, जोडीतला एक नसला तरी तो लागतो.

या क्षणी मूल देऊन टाकणं फार सोपं असतं. बाप खरा आहे, कागद आहेत, मुलगी त्याला बघून उठून उभी राहिली आहे. फाइल बंद होते. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत जिथे अशीच बंद झाली.

पण समितीसमोर प्रश्न होता की मूल जाणार कुठे. बापाचा ताबा कागदावर 'पालकांकडे' असा लिहिला जाईल आणि प्रत्यक्षात मुलगी दुपारपर्यंत कर्नाटकातल्या फडावर असेल. तो जिल्हा तिचा नाही, तिथल्या समितीला तिची खबर नाही, तिथली शाळा कानडी. तिच्या गावाचा जिल्हा तिचा आहे, पण तिथे हंगाम संपेपर्यंत आईवडील नाहीत. आणि ती आत्ता गोव्यात आहे. तीन ठिकाणं, आणि कायदा विचारतो एकच: तिचा गृहजिल्हा कोणता?

कलम ९५ नीट वाचलं तर ते घाई करायला सांगत नाही. मूल अधिकारक्षेत्राबाहेरचं आहे असं दिसलं तर समितीने चौकशी करावी, पाठवण्यात मुलाचं हित आहे याची खात्री करून घ्यावी, गृहजिल्ह्यातल्या समितीशी विचारविनिमय करावा आणि मग पाठवावं. चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश निघाल्यावरच पाठवायचं, ही सक्ती तिथे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांपुरती आहे. राज्याबाहेर पाठवताना मूल सोयीप्रमाणे गृहजिल्ह्याच्या समितीच्या किंवा त्या राज्याच्या राजधानीतल्या समितीच्या स्वाधीन करायचं. म्हणजे समितीकडून समितीकडे. बापाच्या हातात परस्पर देऊन 'वर्ग केलं' म्हणता येत नाही. ते वेगळं काम आहे, त्याचे निकष वेगळे.

वेणूला विचारलं. बंद खोलीत, बाप नसताना, आमच्यातल्या एका सदस्याने जमिनीवर बसून विचारलं. ती म्हणाली, "फडात रातच्याला बाहेर जायचं भ्या वाटतं." मग बराच वेळ काही नाही. मग, "शाळा कुठली?" तिचं नाव ज्या हजेरीपटावर आहे तीच शाळा तिला हवी होती. आजी आहे का विचारल्यावर तिने मान हलवली, जणू आजी नसेल हे आम्हाला सुचलंच कसं.

आणि आजी होतीच. साठाव्या दिवशी दुसरी गृहभेट झाली ती आम्ही खास विनंती करून संध्याकाळची करवली. दिवसा आजी शेळ्या घेऊन रानात जाते आणि कुलूप लावून जाते. पहिली भेट भरदुपारी झाली होती.

बापाला हे सगळं समजावून सांगायला दोन तास गेले. तो चिडला नाही. खाड्याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता, तरी शेवटी त्यानेच विचारलं, "म्हातारीजवळ ऱ्हायली तर साळंतलं जेवण मिळंल का?" हा प्रश्न आमच्या अहवालात असायला हवा होता. हंगामी वसतिगृहाची योजना नेमकी त्यासाठी आहे: आईवडील तोडीला गेले तरी मूल गावात राहावं, शाळा सुटू नये, दोन वेळचं जेवण मिळावं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहंही आहेत. बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हालाही ते गुरुजींकडूनच कळलं.

बालिका १, लिफाफा १

सत्त्याण्णवाव्या दिवशी अंतिम आदेश झाला. वेणू काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक. तिला गृहजिल्ह्याच्या समितीकडे वर्ग करावं. त्याखाली समितीने अटी घातल्या होत्या, आणि त्या मला आजही चांगल्या वाटतात. आजीकडे राहताना वर्षभर दर महिन्याला गृहभेट. पुढच्या दसऱ्याच्या आधी वसतिगृहात प्रवेश झाला आहे याची खात्री. मालकाकडून वसूल व्हायचे २०,००० रुपये, जे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एम. सी. मेहता निकालात घालून दिले आहेत, आणि बालकामगार कायद्याप्रमाणे सरकारने घालायचे १५,००० हे तिच्या नावावर. गोव्यातल्या खटल्यात साक्षीसाठी तिला इथे ओढून न आणता दूरदृश्य पद्धतीने साक्ष व्हावी असा प्रयत्न.

पाठवणीचा आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विशेष बाल पोलीस पथकाने मूल पोचवायचं असतं. मुलगी असेल तर महिला पोलीस बरोबर हवी. प्रवासभत्ता आगाऊ द्यायचा. वेणू निघाली एकशे एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे बावीस दिवसांनी. महिला शिपाई मिळत नव्हती, शिगम्याचा बंदोबस्त होता. बावीस दिवस ही मोठी गोष्ट वाटणार नाही, पण 'उद्या जायचं' असं एकदा सांगून झाल्यावर ती तीन वेळा पिशवी भरून बसली होती. तिसऱ्या वेळी तिने पिशवी उघडलीच नाही, तशीच उशाशी ठेवून झोपायची. निघायची पक्की तारीख हातात आल्याशिवाय मुलाला सांगायचं नाही, हे मी त्या पिशवीकडे बघून शिकले.

साध्या वेशातली शिपाईबाई तिला घेऊन गेली. दोन दिवसांनी पोच आली. पोचपावतीवर लिहिलं होतं: 'बालिका १, लिफाफा १. सुस्थितीत मिळाले.'

लिफाफ्यात अंतिम आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, वैद्यकीय कागद, दाखल्याची प्रत. एकूण एकसष्ट पानं. कोयत्याबद्दलच्या पानावर आम्ही दुरुस्तीची नोंद जोडली होती.

मी जुलैत सहज चौकशी केली. सहजच, कारण आमच्या बाजूने प्रकरण संपलेलं होतं. तिथल्या समितीच्या आदेशाची प्रत मागितली, ती आली. एकच वाक्य होतं: बालिकेस आजी व पालकांच्या ताब्यात, हमीपत्र घेऊन, देण्यात येत आहे. मासिक गृहभेट नाही, वसतिगृह नाही, पैशांचा उल्लेख नाही. मार्चपासून एकही भेट झालेली नव्हती.

मला आधी राग आला. मग मी फोनवर तिथल्या बाल संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलले आणि राग कुणावर काढावा ते कळेना. ते म्हणाले, "ताई, अटी तुमच्या आदेशात आहेत. आमच्या समितीने आपला आदेश केला, तो आमच्या नोंदवहीत आहे. तुमचा आदेश आमच्याकडे कागद म्हणून आलाय." आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. आपल्या कायद्यात एक मूल दोन तऱ्हांनी दुसरीकडे जातं. कलम ९६ खाली राज्य सरकार ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पाठवतं, तेव्हा त्या आदेशाबद्दल कायदा स्पष्ट म्हणतो की मूल जिथे गेलं तिथल्या समितीसाठीही तो लागू मानावा. पण कलम ९५ खाली मूल घराकडे जातं तेव्हा असं वाक्य नाही. तिथे एवढंच आहे की मूल स्वीकारणारी समिती त्याच्या पुनर्स्थापनेची, पुनर्वसनाची प्रक्रिया करेल. म्हणजे ती नव्याने विचार करू शकते, आणि करायलाही हवा, कारण गाव तिला माहीत आहे, आम्हाला नाही. पण मग पाठवणाऱ्या समितीने घातलेली देखरेखीची अट घाट चढल्यावर कुणाची? माझ्या वाचनाप्रमाणे, स्वीकारणारी समिती ती आपल्या आदेशात उतरवून घेत नाही तोवर तिचं पालन करून घेणारं कुणी उरत नाही. पाठवणारी समिती म्हणते मूल आमच्याकडे नाही. स्वीकारणारी म्हणते अट आमची नाही.

ऑस्ट्रेलियातली राज्यं आणि न्यूझीलंड यांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला आहे. तिथे मुलाबरोबर आदेशच दुसऱ्या राज्यात वर्ग होतो, कधी खात्यामार्फत, कधी न्यायालयामार्फत, आणि तिथे नोंद झाली की तो तिथल्याच न्यायालयाने दिल्यासारखा चालतो. तिथलं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. पण 'आदेशाची नोंद' ही एक पायरी आहे आणि ती कुणाची तरी जबाबदारी आहे, हे मला हेवा वाटण्यासारखं वाटलं. आपल्याकडे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाचं 'घर' नावाचं पोर्टल आहे, परराज्यात पाठवायच्या मुलांचा माग ठेवायला आणि प्रकरण तिथल्या समितीकडे वर्ग करायला. मी ते वापरते आणि वापरावं असं सगळ्यांना सांगते. अटींची विचारपूस मात्र माणसालाच करावी लागते.

जुलै ते सप्टेंबर मी पत्रं लिहिली. चवथ झाली तसा जीव वरखाली व्हायला लागला, कारण दसरा समोर दिसत होता आणि मुकादम त्याच सुमारास उचल वाटतात. शेवटी त्या अधिकाऱ्यांनीच मार्ग काढला. आमचा आदेश जोडून त्यांनी आपल्या समितीसमोर स्वतःचा अर्ज ठेवला: या बालिकेच्या बाबतीत देखरेखीचा आदेश व्हावा. समितीने आजीला बोलावलं, वेणूला बोलावलं, आणि स्वतःचा आदेश केला. त्यांच्या नोंदवहीत, त्यांच्या जावक क्रमांकाने. आमच्या अटींपैकी मासिक भेट त्यांनी ठेवली. वसतिगृहाऐवजी गावातच हंगामी सोयीत नाव घातलं, कारण आजी एकटी पडते असं वेणूच म्हणाली. ही दुरुस्ती आम्हाला इथे बसून सुचली नसती आणि ती आमच्या अटीपेक्षा चांगली आहे.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला, तो सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडला तर. विचारविनिमयाचं पत्र आता मी गृहभेटीपुरतं लिहीत नाही. अंतिम आदेशाआधी अटींचा मसुदा एका वेगळ्या पानावर, क्रमांक घालून, तिथल्या समितीला पाठवते आणि विचारते: यांतल्या कुठल्या तुम्ही तुमच्या आदेशात घ्याल? कुठल्या तिथे जमण्यासारख्या नाहीत? उत्तर येईपर्यंत मागे लागते. उत्तर आलं की ते आमच्या समितीसमोर ठेवते, आणि आमचा आदेश त्या उत्तराचा हवाला देऊन होतो. मूल जातं तेव्हा ते पान लिफाफ्यात सगळ्यात वर असतं, एकसष्टाव्या पानाखाली नसतं. मुदतही मी 'सहा महिने' अशी लिहीत नाही. ऊसतोडीच्या घरासाठी 'दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस' हीच तारीख आहे; मासेमारीच्या घरासाठी वेगळी, वीटभट्टीच्या घरासाठी वेगळी. आणि पोचपावतीत मी आता एक रिकामी ओळ छापून पाठवते: अटींची नोंद घेतली, नोंदवही क्रमांक अमुक. ती ओळ रिकामी परत आली तर मी फोन करते.

त्या वर्षी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी कोयतं गेलं, पुन्हा बेळगावकडेच. वेणू गेली नाही. गुरुजींनी हजेरीपटाच्या त्या पानाचा फोटो पाठवू का विचारलं. मी नको म्हटलं, तिच्या नावाचा कागद फोनमध्ये नको.

वीस हजार अजून वसूल झालेले नाहीत. गोव्यातला खटला चालू आहे, तिची साक्ष व्हायची आहे. तिच्या तालुक्याच्या न्यायालयात दूरदृश्य कक्ष आहे, तिथून साक्ष घ्यावी म्हणून अर्ज दिला आहे. गेल्या तारखेला तो पुढे ढकलला. पुढची तारीख हंगाम संपायच्या आधीची आहे, म्हणजे आई तेव्हा फडावर असेल आणि वेणूबरोबर आजीला यावं लागेल. शेळ्यांकडे त्या दिवशी कोण बघणार, हे गुरुजी विचारून सांगणार आहेत.